बटण दोनवरून नऊवर

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते मुख्यतः त्यातल्या चुका काढायला. चौतीस वर्षं यवतमाळच्या शाळेत विज्ञान शिकवलं, भूतखेत वर्गात हसण्यावारी नेलं आणि आजही नेते. त्यामुळे पुढचं वाचून "बघा, शेवटी बाईंनाही पटलं" असं कोणी म्हणणार असेल तर त्यांनी इथेच थांबावं. मला काहीही पटलेलं नाही.

आमचं घर आर्णी रोडच्या आतल्या गल्लीत. समोर हॉल, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक दार. हॉलमध्ये माझ्या नवऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर — इम्पोर्टेड, दोन माणसांनी उचलावा असा, रिटायर झाल्यावर हौसेनं आणलेला. त्याला समोर आवाजाचं एकच मोठं बटण. रिमोट दाबला की आतली छोटी मोटर ते बटण सावकाश फिरवते. बटणावरची पांढरी रेघ घड्याळाच्या काट्यासारखी धरायची. रेघ दोनवर, म्हणजे आवाज मोठा, असली की हे खूश; नऊवर, म्हणजे अगदी हळू, असली की मी. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, आवाज कमी करा!" आणि हे कधी म्हणजे कधीच कमी करायचे नाहीत.

मागच्या थंडीत, सकाळी अकराच्या सुमारास, हे हॉलमधल्या खुर्चीतच गेले. हार्ट अटॅक. रेघ दोनवर होती आणि मी कुकर लावत होते. शेजारच्या मंगलाताई आमच्या हॉलच्या खिडकीलगत, त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी नंतर सांगितलं, यांनी मला दोनदा हाक मारली होती. नेहमीसारखी चहासाठी असेल, असं त्यांना वाटलं. मला एकही हाक ऐकू आली नाही. गाण्यानं गिळली. त्या यंत्राचा मला इतका राग आला की ते घरात नकोच, विकायचं, असं ठरवून टाकलं.

अमरावतीचं गिऱ्हाईक मिळालं. त्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून रफिकला बोलावलं. रफिक माझा जुना विद्यार्थी, ऑडिओ दुरुस्तीत त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. सकाळीच आला, झाकण काढून धूळ साफ केली, रिमोटचे जुने सेल काढून टेबलावर ठेवले, गाणं लावलं आणि रेघ दोनवर नेली. मी आत चहा टाकत होते. सवय बघा... तोंडातून निघूनच गेलं, "अहो, आवाज कमी करा!"

आवाज कमी झाला.

रफिकनं केला असेल असं मी धरून चालले. चहा घेऊन बाहेर आले तर तो खुर्ची मागे सरकवून बसलेला. रेघ बरोबर नऊवर.

"बाई, दुसरा रिमोट हाय का तुमच्यापाशी?"

"नाही रे. का?"

"मी हात नाही लावला. आपोआप फिरलं."

म्हटलं, ठीक आहे, प्रयोग करू. त्यानं रेघ पुन्हा दोनवर नेली. आधी तो स्वतः ओरडला. काही नाही. मग मी, "रफिक, आवाज कमी कर!" काही नाही. मग, विद्यार्थ्यासमोर जरा लाजतच, "अहो, आवाज कमी करा." बटण फिरलं आणि नऊवर येऊन थांबलं. रफिकनं आतला मोटरचा प्लग उपटून हातात धरला, रेघ दोनवर नेली, मी पुन्हा म्हटलं. पुन्हा फिरलं!

"बाई, मोटरले करंटच नाही. मले तं काही समजूनच नाही राह्यलं."

भीती? छे. माझं डोकं फिरलं. मी त्या बटणावर ओरडले, "आता कमी करता? मंग त्या दिवशी काहून नाही केला? एकदा केला असता तं धावत आली असती ना मी!"

आणि रडले. विद्यार्थ्यासमोर, ढसाढसा. बटण जागचं हललं नाही.

रफिकनं प्लग जोडला, झाकण लावलं. मी डोळे पुसत असताना त्यानंच अमरावतीला फोन लावला. "बाईले नाही विकाचं," एवढंच बोलला.

आता तुम्ही सांगाल, बटण ज्या दांड्यावर फिरतं ती शाफ्ट ढिली असेल, स्पीकरचे हादरे असतील. रफिकनं शाफ्ट तपासली, घट्ट आहे. आणि हादऱ्याला "अहो" कसं कळतं, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मी ऐकायला तयार आहे. मंगलाताई म्हणाल्या, शांती करून घ्या. म्हटलं, शांती कशाला? माझं भांडण अजून संपलेलं नाही.

त्यानंतर मी ते वाक्य एकदाही उच्चारलेलं नाही. रोज सकाळी अकराला गाणं लावते, रेघ मीच नऊवर ठेवते, मधलं दार सताड उघडं टाकते आणि कुकर लावायला जाते. माझं बोलून झालं. आता हाक मारायची पाळी त्यांची.