कीबोर्ड काढला की ब्रेक ठीक

मंगळवारी सकाळी साहेबांनी लिफ्टबाईला बोलावलं आणि एक छापील तपासणी अहवाल तिच्यापुढे सरकवला. अहवाल तिचाच होता, तीन आठवड्यांपूर्वीचा, एका पाच मजली इमारतीच्या लिफ्टचा. सतराव्या कलमात ‘ब्रेक’ या शब्दापुढे लिहिलं होतं ‘ठीक’. शेवटी तिची सही.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“सही कोणाची?”

“माझी.”

“मग झालं तर.” साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “काल तिथे चौथ्या मजल्यावरच्या एक बाई पडल्या. लिफ्ट मजल्याच्या दीड फूट खाली थांबली आणि दार उघडलं. त्यांनी नेहमीसारखं आत पाऊल टाकलं. एक्काहत्तर वर्षांच्या आहेत. खुब्याचं हाड मोडलंय.”

लिफ्टबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ब्रेक तिला चांगला आठवत होता. पट्टे झिजून कागदासारखे झाले होते, बोट लावलं तर धातू लागत होता. तिने त्या कलमापुढे ‘निकामी, लिफ्ट बंद ठेवा’ लिहिलं होतं. खाली उतरून इमारतीच्या रखवालदारालाही बजावलं होतं.

“मानवी चूक,” साहेब म्हणाले. “होते कधी कधी. शुक्रवारी लेखी खुलासा द्या.”

“चूक मानवी आहे की कोणाची, ते शुक्रवारीच सांगते,” ती म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

खात्यात तिला बावीस वर्षं झाली होती. वायरमनचं शिक्षण घेऊन ती लागली तेव्हा लिफ्ट तपासणारी बाई कोणी पाहिलीच नव्हती. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली मागितली की लोक विचारत, “तपासनीस कधी येणार?” ती म्हणे, “आलेत, दार उघडा.” पहिल्या वर्षी कौतुकाने पडलेलं ‘लिफ्टबाई’ हे नाव पुढे इतकं चिकटलं, की पगारपत्रक वाटणारा कारकूनसुद्धा तिचं खरं नाव विसरला. बावीस वर्षांत तिने तपासलेल्या लिफ्टमध्ये कोणाच्या नखालाही इजा झाली नव्हती. हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण मनात पक्कं धरून असे.

पूर्वी तिच्याकडे कार्बन लावलेली वही असायची आणि पिशवीत लाल पट्ट्यांची गुंडाळी. लिफ्ट खराब निघाली की ती स्वतःच्या हाताने दारावर लाल पट्टी चिकटवायची. मग कोणाची हिंमत होती ती काढायची! आठ महिन्यांपूर्वी खात्याने वह्या काढून घेतल्या, पट्ट्याही काढून घेतल्या आणि सगळ्या तपासनीसांच्या हातात एकेक टॅबलेट दिला. स्वस्तातला, पण मागे टेकू आणि खाली काढता-घालता येणारा कीबोर्ड.

लिफ्टबाई तापट असली तरी न्यायाची पक्की. पहिल्या महिन्यात तिने त्या टॅबलेटची तारीफच केली होती. वजनाला हलका. सकाळी चार्ज करून निघालं की संध्याकाळपर्यंत मान टाकत नसे. दोराचा फोटो काढून बोटांनी मोठा केला की तुटलेला एकेक धागा दिसे. कीबोर्ड काढून ठेवला की एका हातात टॅबलेट आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन लिफ्टखालच्या खड्ड्यातही उतरता येई. हे वहीला जमलं नसतं, असं ती स्वतःच म्हणाली होती.

मग एकेक दुखणं बाहेर आलं. टेकूला सपाट टेबल लागे आणि मशीनच्या खोलीत टेबल कुठून आणायचं? मांडीवर घेतला तर कीबोर्ड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लोंबे. गच्चीवरच्या उन्हात पडद्यावर अक्षरं दिसत नसत, स्वतःचा घामेजलेला चेहरा तेवढा दिसे. कीबोर्डच्या लोहचुंबकी सांध्यात धूळ बसली की एक अक्षर दोनदा उमटे, नाहीतर उमटतच नसे. तिने हे सगळं साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, “सवय होईल.”

त्या दिवशीही असंच झालं होतं. पालथी बादली हे टेबल आणि गुडघे हीच खुर्ची. बेचाळीस कलमं भरली, अकरा फोटो जोडले. सही पडद्यावर बोटाने करायची असे, आणि कीबोर्ड आडवा येई म्हणून तिने तो खटकन उपटला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. समोर सहीची चौकट होती. तिने सही केली, अहवाल पाठवला आणि पुढच्या इमारतीकडे निघाली.

मंगळवारी दुपारी ती थेट त्या इमारतीत गेली. रखवालदार जिन्याखाली स्टुलावर बसला होता. तिला पाहून तो उठला नाही.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?” तिने विचारलं.

“बंद ठेव म्हणालात. तीन दिवस कुलूप लावून ठेवलं की मी!” त्याचाही आवाज चढला. “मग सोसायटीचे चिटणीस आले. म्हणाले, अहवाल आलाय, सगळं ठीक आहे, काढ कुलूप. मी म्हटलं, बाई तोंडाने नाही म्हणाल्यात. तर म्हणाले, तू कागदापेक्षा शहाणा का? आता बोला! तुम्ही तोंडाने एक सांगता, कागदावर दुसरंच लिहिता आणि लोक माझ्याकडे बघतात.”

लिफ्ट कालपासून बंदच होती. ती पाच मजले जिना चढून वर गेली आणि ब्रेक पुन्हा पाहिला. तो तस्साच होता. भिंतीवर बुक्की मारावी असं तिला वाटलं, आणि तिने मारलीही.

घरी नवरा आणि धाकटी नणंद होती. नणंदेचे गुडघे कामातून गेलेले, पण जीभ आणि बोटं तेज. ती घरात बसून छापखान्यासाठी पुस्तकं टाइप करायची. नवरा म्हणाला, “लिहून दे की नजरचुकीने झालं, आणि विषय संपव.” लिफ्टबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहाचा कप उचलून खिडकीशी जाऊन बसला.

“दादा, तू तिकडेच बस,” नणंद म्हणाली. “वहिनी, आण तो डबा इकडे. त्या दिवशी काय काय केलंस? जसंच्या तसं करून दाखव.”

सरावासाठी एक कोरा अर्ज टॅबलेटमध्ये होता. लिफ्टबाईने तो भरला, ब्रेकपुढे ‘निकामी’ लिहिलं, कीबोर्ड उपटला. ‘निकामी’ जागच्या जागी राहिलं. पुन्हा भरला, पुन्हा उपटला. बुधवारी दिवसभर तेच चाललं. एकदाही काही बिघडलं नाही. आता तिचा स्वतःवरचाच विश्वास डळमळायला लागला. खरंच आपणच ‘ठीक’ लिहिलं असेल का?

“फोटो?” नणंदेने अचानक विचारलं. “तिथे फोटो काढतेस ना तू? इथे एकही काढला नाहीस.”

मग दोघींनी घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. पंखा, शिलाई मशीन, खिडकीशी बसलेला नवरा. अकरा फोटो जोडून लिफ्टबाईने कीबोर्ड उपटला. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. समोर सहीची चौकट. तिने बोटाने अर्ज वर सरकवला. बेचाळीसच्या बेचाळीस कलमांपुढे ‘ठीक’.

“दम लागतो गं त्याला,” नणंद म्हणाली. “स्वस्तातला आहे, मेमरी तुटपुंजी. फोटोंनीच पोट भरतं. वर कीबोर्ड काढला की सगळा पडदा नव्याने मांडायचा. ते झेपत नाही, मग लिहिलेलं पुसून अर्ज पहिल्यासारखा मांडतो. आणि तुमच्या अर्जात पहिल्यापासून काय लिहिलेलं असतं?”

“ठीक,” लिफ्टबाई म्हणाली. “न तपासताच ठीक!”

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत खरेदी विभागाचा प्रमुखही येऊन बसला होता. लिफ्टबाईने खुलाशाचा कागद दिला नाही. तिने टॅबलेट टेबलावर उभा केला, अर्ज भरला आणि फोटो काढायला लागली. साहेबांचं कपाट, साहेबांचा पंखा, साहेब.

“हा काय पोरखेळ?” खरेदीवाला म्हणाला.

“तुमचाही काढते, बसा.” तिने त्याचाही फोटो काढला. “आता सतरावं कलम वाचा.”

“निकामी,” साहेबांनी वाचलं.

तिने कीबोर्ड उपटला आणि टॅबलेट त्यांच्या हातात दिला. “आता वाचा.”

साहेबांनी वाचलं. मोठ्याने नाही.

खरेदीवाला म्हणाला, “या किमतीत असं होणारच. पण सही करण्याआधी अर्ज वर सरकवून एकदा बघायला हवं होतं तुम्ही.”

“हवं होतं!” ती ओरडली. “ती माझी चूक. लिहा ती माझ्या नावावर, मी नाही म्हणत नाही. पण न तपासलेल्या ब्रेकला ठीक म्हणणारा अर्ज कोणी बनवला? माझ्या लाल पट्ट्या कोणी काढून घेतल्या? आठ महिने मी बोंबलत होते तेव्हा सवय होईल असं कोण म्हणालं? तेही लिहा!”

साहेब सावरले. लेखी खुलासा राहू द्या, आपसात मिटवू, असं म्हणाले. तिने पिशवीतून चार पानी कागद काढला. टॅबलेटचा तपासणी अहवाल. लिफ्टचा लिहायची तसाच लिहिलेला, तोही हाताने. आधी गुण, एकही न लपवता, हलकेपणा आणि कॅमेऱ्यासकट. मग दोष. शेवटी मागणी : आठ महिन्यांत ज्या ज्या अहवालात फोटो जोडलेत, ती प्रत्येक लिफ्ट पुन्हा तपासा.

“शेकड्यांनी असतील त्या!” साहेब म्हणाले.

“त्यात रोज माणसं चढतात,” ती म्हणाली. “तुम्ही नाही म्हणालात, तर हा कागद मी प्रत्येक इमारतीच्या दारावर चिकटवीन. पट्टी नाही, पण डिंक आहे माझ्याकडे.”

तपासणी झाली. दीड महिना सगळे तपासनीस वह्या घेऊन फिरले. कागदावर ठीक असलेल्या एकोणीस लिफ्ट बंद कराव्या लागल्या. टॅबलेट राहिले, पण अर्जातले रकाने कोरे झाले आणि लाल पट्ट्या परत मिळाल्या. साहेबांची बदली झाली नाही, खरेदीवाल्यालाही कोणी काही विचारलं नाही. लिफ्टबाईच्या नावावर एक ताकीद कायमची लागली. ती तिने वाचली आणि सही केली, या वेळी वरपासून खालपर्यंत बघून.

मग एका दुपारी ती चौथ्या मजल्यावरच्या आजींना भेटायला गेली. आजी पलंगावर टेकून बसल्या होत्या, शेजारी चालायचा आधार उभा होता. लिफ्टबाईने सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट, आणि टॅबलेटच्या अहवालाची प्रत पुढे केली. आजींनी ती सावकाश वाचली. तिसऱ्या पानावर थांबल्या.

“परिणाम : एक इसम जखमी,” त्यांनी वाचून दाखवलं आणि मान वर केली. डोळे नुसते पेटले होते. “इसम? आठ आठवडे पाठीवर पडून आहे मी. शौचाला जायला सुनेचा हात धरावा लागतो. आणि तुमच्या कागदात मी इसम?”

लिफ्टबाईने पेन काढलं आणि ‘एक इसम’ खोडलं.

“पूर्ण नाव सांगा,” ती म्हणाली.

आजींनी सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर तोडून. लिफ्टबाईने लिहून कागद त्यांच्यासमोर धरला. आजींनी तो पुन्हा वाचला, एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली, आणि मगच कागद परत दिला.