चढ नको म्हणणाऱ्यांचे रविवार

आम्ही आठवड्यातून एकदाच चालतो, तेही जेमतेम दीड तास. पण त्या दीड तासाबद्दल सोमवार ते शनिवार इतकं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही नर्मदा परिक्रमा करून आलोय. किस्से असेच साठत जातात. माझं कसबा पेठेत ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माप देता देता बायका विचारतातच, "मग, या रविवारी काय झालं?"

आधी मंडळी कोण ते सांगते. पुण्यात रविवारी सकाळी ज्याला त्याला कुठला तरी गड नाहीतर टेकडी चढायची असते. आपटे सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, भरपूर चाला, पण चढायचं नाव काढू नका. सरांनी त्याच आठवड्यात ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'सपाट मंडळ'. जुन्या बागा, तळ्याचे काठ, कालव्याच्या कडा, जिथे चढ नाही तिथेच जायचं. मशीनवर बसून बसून माझी कंबर धरलेली, म्हणून मी गेले. माझ्याबरोबर शैलाताई आल्या. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या, आवाज अजून त्याच पट्टीत आहे. हडपसरचे शेवाळे मामा सरांच्या ओळखीतून आले. सगळ्यात शेवटी आला वानखेडे. तिशीतला, अमरावतीचा, इथे आयटीत नोकरी करणारा.

*

वानखेडेला ग्रुपचं नाव कोणी नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी हडपसरला कालव्यावर आला तो ट्रेकिंगचे बूट, पाठीवर भली मोठी सॅक, तिला लटकवलेला दोर आणि कपाळावर टॉर्च अशा थाटात. सकाळचे साडेसात वाजले होते.

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वानखेडे, कालव्याच्या कडेनं चालायचंय. कालव्यात उतरायचं नाहीये."

अर्ध्या तासानं कालव्यात एक कुत्रं दिसलं. पाणी फार नव्हतं, पण काठ सिमेंटचा आणि उतरता. बिचारं चार पावलं वर यायचं आणि घसरून परत पाण्यात. दमलेलं होतं, ओरडायचंही बंद झालं होतं. शैलाताई रडायच्या बेतात आल्या. वानखेडेनं दोर काठावरच्या बाभळीला बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि उतरला. कुत्र्याला काखेत मारून वर आला तेव्हा तो चिखलानं माखलेला आणि कुत्रं त्याचं तोंड चाटतंय.

पुढच्या रविवारी वानखेडे साधी चप्पल घालून, रिकाम्या हातानं आला. सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दोर कुठाय?"

*

शहराबाहेर एका सरदार घराण्याची जुनी बाग आहे. कारंजी कोरडी, पण झाडं अशी की ऊन खाली पोचत नाही. तिथले माळीबुवा येणाऱ्याजाणाऱ्याला एका आंब्याची गोष्ट सांगतात. सरदारांनी लढाईवर जाताना कोय पुरली आणि बाईसाहेबांना म्हणाले, फळ धरेपर्यंत येतो. पहिला मोहोर आला त्याच दिवशी दारात घोडा उभा राहिला म्हणे.

आपटे सरांना हे सहन होईना. हे झाड फार तर ऐंशी वर्षांचं असेल, तेव्हा कसल्या लढाया आणि कसले घोडे, असं त्यांनी खोडाचा घेर दाखवत सविस्तर समजावलं. माळीबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचंच खरं असेल," ते म्हणाले. "पण माझं ऐकून लोक झाडाला हात लावून जातात. तुमचं ऐकून नुसते जातात."

सर आमचा पाठिंबा मिळवायला मागे वळले. आम्ही चौघंही झाडाला हात लावून उभे होतो.

*

शैलाताईंची मुलगी कॅनडात असते. तिनं आईला पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आई किती चालली, नाडी किती पडली, हे सगळं तिला तिकडे फोनवर दिसतं. शैलाताईंना हे मुळीच आवडलेलं नाही. एकदा पाषाण तलावावर त्यांची टाच दुखत होती. लेक रागावेल म्हणून त्यांनी घड्याळ वानखेडेच्या मनगटावर बांधलं आणि स्वतः माझ्याशेजारी बाकावर बसून शेंगा सोलत बसल्या.

वानखेडे इमानदारीत चालला. मात्र घड्याळ परत द्यायचं विसरून तो तसाच ऑफिसच्या क्रिकेट मॅचला गेला.

संध्याकाळी मी शैलाताईंकडेच होते. त्यांनी नुकताच वानखेडेला फोन करून घड्याळाचा पत्ता लावला होता, एवढ्यात लेकीचा फोन आला. ती घाबरलेली होती. आई, तू दुपारी बारा वाजता उन्हात धावत होतीस, नाडी एकशेसत्तरला पोचली होती, तू करत काय होतीस?

शैलाताई जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, दोन विकेट काढल्या."

*

पाषाणलाच आणखी एकदा. एक हुशार मुलगी दहाबारा जणांना पक्षी दाखवत होती. दुर्बीण, पुस्तक, इंग्रजी नावं, सगळं व्यवस्थित. शेवाळे मामा आमच्याजवळ उभे राहून हळूच पुरवणी जोडत होते. हा खंड्या, हा त्याच फांदीवर परत येणार बघा. आला. ती पाणकोंबडी, आत्ता पिल्लांना हाक मारील. मारली. त्या मुलीच्या मागची माणसं एकेक करून मामांच्या मागे येऊन उभी राहिली. शेवटी ती मुलगीही आली.

तिनं मोठ्या आदरानं विचारलं, "आजोबा, आपण पक्ष्यांचा अभ्यास कुठे केलात?"

"शेतात, माळ्यावर बसून," मामा म्हणाले. "ज्वारी राखायला बसवायचे मला. हातात गोफण असायची."

*

आता मामांचंच एक सांगते.

कालव्यावर गेलो की मामा एका छोट्या पुलाशी थांबायचे. पुढे काय बघायचंय, चला माघारी, म्हणायचे. चार महिने आम्ही दर वेळी तिथूनच वळलो. पुलापलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं घर आहे आणि दोघं बावीस वर्षं बोलत नाहीत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी वानखेडे फोनवर बोलत बोलत पूल ओलांडून गेला आणि त्याच्या मागोमाग आम्हीही निघालो. मामा कठड्यावर बसून राहिले. तुम्ही या जाऊन, म्हणाले, मी हितंच हाय. मग त्यांनी खाली बघत चार वाक्यांत सगळं सांगितलं. वाटणीत विहीर भावाकडे गेली होती. त्यावरून शब्दाला शब्द लागला. आता विहीरही बुजली, तिथे बिल्डिंग उभी आहे.

आपटे सर मागे आले आणि मामांशेजारी कठड्यावर बसले. मग शैलाताई बसल्या, मी बसले. वानखेडे फोन बंद करून परत आला आणि तोही बसला. कोणी समजूत घातली नाही. बऱ्याच वेळानं मामा उठले, टोपी सारखी केली आणि पुलाच्या पलीकडे चालू लागले. आम्ही मागे.

भाऊ दारातच उभा होता. तसंच नाक, तसंच पुढे झुकून उभं राहणं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ वळून आत निघून गेला. मामांनी परत फिरायला पाऊल उचललंही होतं.

तेवढ्यात भाऊ बाहेर आला. हातात ताट, ताटात वाफाळते पाच कप. मागून त्याची बायको डोक्यावरचा पदर सावरत आली आणि मामांना म्हणाली, "भावजी, चार महिनं झालं, दर रविवारी पाच कप जास्त टाकतोय. गच्चीवरनं तुमी दिसता. अन् तुमी आपलं पुलावरनंच माघारी."

मामांनी कप उचलला. बशीत थोडा चहा ओतला. एक घोट घेऊन म्हणाले, "आलं कमी हाय."

भाऊ म्हणाला, "मग येऊन सांगायचं की आधी."