शेवटी उभी राहिलेली चिठ्ठी

कल्पना करा, दहावीच्या वर्गाला तुम्हाला पुलाची लढाई शिकवायची आहे आणि त्याच लढाईत तुमचा सख्खा भाऊ गेला आहे. आमच्या इतिहासाच्या बाई प्रत्येक मुलाला एका सैनिकाच्या नावाची चिठ्ठी देऊन उभं करतात. लढाई सांगता सांगता त्या मेलेल्याचं नाव घेतात आणि ते मूल खाली बसतं.

यंदा शेवटी एकच मुलगी उभी होती.

"बाई, मी वाचले!"

"नाही गं बाळा. सकाळी तह झाला आणि दुपारी तू गेलीस. तुझी चिठ्ठी माझ्या दादाची आहे."

मग मागून कुणीतरी विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे?"

"नाही. पुस्तकात फक्त विजय आहे, तोच लिहा."

बाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या. तीस वर्षं लष्कराला पत्रं लिहूनही त्यांना उत्तर मिळालेलं नाही: तह झाल्यावरही पूल सोडू नका, असा हुकूम दिला कोणी?