पोटात गेलेली पाल

"पाल, पाल," म्हणत ती बाई आपल्या मुलीच्या तोंडाकडे बोट दाखवत होती. मुलगी चारेक वर्षांची. सकाळपासून उलट्या, डोळे खोल गेलेले.

मी मूळची साताऱ्याची. भामरागडकडच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू होऊन तीनच आठवडे झाले होते. बाईला मराठी येत नव्हतं, मला तिची माडिया येत नव्हती. दोन्ही बोलणारी आशाताई पुरामुळे पलीकडच्या गावात अडकलेली.

मी केस पेपरवर लिहिलं, 'अन्नात पाल पडली. विषबाधा?' आणि सीनिअर सरांना फोन लावला.

"पाल विषारी नसते," सर म्हणाले. "पण एवढ्या उलट्या? पोटात दुसरंच काही गेलं असेल. रिस्क नको, रेफर करा."

रेफर म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं. पूल पाण्याखाली होता. आधी डोंग्यातून नदी ओलांडायची, मग पलीकडे ॲम्ब्युलन्स. त्या पाण्यातून आजारी मुलीला नेणं धोक्याचंच होतं. तरी चिठ्ठी लिहायला घेतली.

मुलीला सलाईन लावणाऱ्या सिस्टर सिरोंच्याच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, थांबा जरा. हे कोणती पाल म्हणून राह्यली?"

"पाल एकच असते ना?"

"आमच्या तेलुगूत पालु म्हंजे दूध. भिंतीवरची असते ते बल्ली."

त्यांनी आतून चहाच्या दुधाचं पातेलं आणलं आणि बाईपुढे धरलं. "पाल?"

बाईने जोरात होकारार्थी मान हलवली. मग वास घेतल्यासारखं करून नाक मुरडलं आणि मुलीकडे बोट केलं. पोरगी नासलेलं दूध प्यायली होती.

मी सरांना पुन्हा फोन केला. ते हसले. "चिठ्ठी फाडा. सलाईन चालू ठेवा, ओआरएस पाजा."

दुपारी मुलीला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकू लागलं. संध्याकाळी तिने भात मागितला. दोन दिवसांनी आशाताई आली. मी काय समजले होते ते तिने सांगितल्यावर मुलीची आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

नंतर कोश चाळला. आपली पाल संस्कृत 'पल्ली'वरून आलेली. माडिया आणि तेलुगू द्राविडी कुळातल्या, म्हणून दोघींचं दूध एका नावाचं. शिवाय आठवडी बाजारात दुकानदार ठोकतात तो कापडी तंबू, तेही पालच.

अनोळखी शब्द आपण कुणाला तरी विचारतोच. मी आता ओळखीचाही विचारते.