शेणखड्ड्यातला मुद्देमाल

ते प्रकरण निघालं की आजही आधी माझ्या नाकाला आठवतं, मग मला. ऐंशीच्या दशकात सेलूकडच्या एका ठाण्यात मी नवी फौजदार होते. गणवेशाला कडक इस्त्री, अक्कल मात्र अजून धोब्याकडेच.

एका गोठेवाल्या शेतकऱ्याने पंप चोरीला गेल्याची फिर्याद दिली. खड्ड्यातलं शेणपाणी उपसून शेतात सोडणारा, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला, ट्रॅक्टरला जोडून चालणारा पंप. मी नाकाला रुमाल लावला आणि खड्ड्यापासून वीस पावलांवरूनच पंचनामा उरकला. तिथेच फिर्यादीच्या मुलाने हळूच खबर दिली, "बाईसाहेब, आमच्या ड्रायव्हरले आर्वीच्या भंगारवाल्यासंग बोलताना पाह्यलं मी."

ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. मालकाने संशयावरून त्याला कामावरून काढलंच होतं. आता चोरीचा शिक्का बसला तर आसपासच्या गावांत कोणी त्याच्या हाती ट्रॅक्टर दिला नसता. मी दोन तास टेबल आपटत विचारपूस केली. सुजला तो माझाच तळहात.

"ट्रॅक्टर मालकाचा. त्याच्याबिगर येवढा जड पंप मी आर्वीले कसा नेऊ?" तो म्हणाला. "अन् चाकाखालचा दगड पाह्यला का तुमी? तो लावल्याबिगर मी पंप ट्रॅक्टरपासून सोडतच नाई."

मी पाहिला नव्हता. हवालदार हसू दाबत म्हणाले, "चाला बाईसाहेब, पाहून येऊ."

ड्रायव्हरला घेऊन आम्ही गोठ्यावर गेलो; फिर्यादी आणि त्यांचा मुलगाही मागोमाग आले. दगड गोठ्याच्या भिंतीशीच पडलेला होता. चाकांच्या खुणा उताराने खाली गेल्या होत्या. मी ऐटीत त्यांच्या मागे निघाले. मे महिन्याच्या उन्हाने खड्ड्यातल्या शेणावर कोरडा थर धरला होता, मला ती जमीनच वाटली. पुढच्या पावलाला मी कमरेपर्यंत आत, आणि बुटाला लोखंड लागलं.

"पंप सापडला," मी शक्य तितक्या रुबाबात म्हणाले.

"पह्यले तुमी निंगा," म्हणत ड्रायव्हरने दोर टाकला.

मुलाचा चेहरा उतरला. "आबा, त्या दिवशी हा सुट्टीवर होता. मीच पंप सोडाले गेलतो. घरंगळला. तुमी ट्रॅक्टरले हात लावू नको म्हटलं होतं, म्हून भेऊन भंगारवाल्याचं खोटंच सांगितलं."

 आबा ड्रायव्हरला म्हणाले, "उद्यापासून कामावर येजो. चुकलं आमचं."

"माझंही," मी म्हणाले. अंगावरून शेण ओघळत होतं.

"राहू द्या बाईसाहेब, पह्यले आंग धुवा," म्हणत ड्रायव्हर पाणी आणायला हौदाकडे निघाला.

माणूस आपल्या कामाबद्दल बोलतो तेव्हा नीट ऐकावं, खरं-खोटं तिथे कळतं. एवढं शिकायला मला कमरेपर्यंत उतरावं लागलं.