उजळ करून दिलेली आई

फोटो लॅबवाल्यांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. घरातले लोक म्हणतात, जुनं झालं आता, सोड. मी सोडत नाही. माणसं आपल्या आईचा एक केस इकडचा तिकडे झाला तर भांडतात, इथं तर अख्खा चेहरा बदलून दिला होता आणि वर मला सांगत होते की बघा, किती छान आलाय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीला पाटबंधारे खात्यात क्लार्क होते आणि नवरा घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करायचा, लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल वगैरे. म्हणजे घरात कॉम्प्युटर होता, साधा का होईना प्रिंटर होता. आई जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. तिचा आयुष्यात एकच बरा फोटो निघाला. तिचा भाऊ, माझा मामा, फौजेत होता. तो सुट्टीवर येताना कॅमेरा घेऊन आला आणि थेट रोजगार हमीच्या कामावर जाऊन त्यानं आईचा फोटो काढला. आटपाडीच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या रस्त्यासाठी आई खडी फोडायची. दुपारची भाकरी खाऊन ती लिंबाखाली बसलीय, शेजारी हातोडा आहे, आणि मामा काहीतरी वात्रट बोलला असणार, कारण ती सगळे दात दाखवून हसतेय.

या फोटोची एकच प्रिंट होती. ती गावच्या घरात भिंतीला टांगलेली होती आणि वाळवीनं मागच्या बाजूनं खात खात नेमका चेहरा खाल्ला. आम्हाला कळलं तेव्हा फ्रेममध्ये फक्त लिंबाचं झाड आणि आईचे पाय उरले होते. मामाच्या ट्रंकेत निगेटिव्ह सापडली, पण तिच्यावर चरे होते, बुरशीचे ठिपके होते. साधी प्रिंट काढली असती तर सगळे ठिपके आईच्या तोंडावर आले असते. निगेटिव्ह कॉम्प्युटरवर स्कॅन करायची, डाग पुसायचे आणि मग मोठा फोटो काढायचा, एवढाच मार्ग होता. त्यासाठी एक तर लॅबला द्यायची, नाहीतर घरी यंत्र आणायचं.

यंत्र आणायचं माझ्याच डोक्यात होतं. निगेटिव्ह दुसऱ्याच्या हातात द्यायला माझं मन घेत नव्हतं. त्या काळात लॅबवाले निगेटिव्हची पट्टी कातरायचे, कुणाची कुणाच्या पाकिटात घालायचे आणि विचारलं तर आपल्यावरच डाफरायचे. पण नवरा म्हणाला, "एका फोटोसाठी यंत्र? आजपर्यंत असं कुणी केलंय का?" आणि माझा धाकटा भाऊ साताऱ्याला नोकरीला होता, तो फोनवर म्हणाला, "आक्का, हितं माझ्या वळखीचा लॅबवाला हाय. नवीन मशीन आणलंय त्यानं. दे माझ्याकडं, मी बघतो." दिली. पाकिटात घालून, पाकीट पुठ्ठ्यात घालून, त्याच्या हातात दिली.

फोटो तयार झाल्याचं कळलं तशी मी सांगलीहून साताऱ्याला गेले आणि भावाकडे न जाता आधी लॅबमध्ये गेले. लॅबवाल्यानं मोठ्या कौतुकानं पुठ्ठ्याचं पाकीट उघडलं. आतली बाई गोरीपान होती. गाल गुलाबी, ओठ लालसर, मान चेहऱ्यापेक्षा थोडी काळी, कारण मानेपर्यंत त्याचं काम पोचलं नव्हतं. कपाळावर एक छान गोल टिकली. हसू तेवढं आईचं होतं, पण ते त्या चेहऱ्यावर चोरून आणल्यासारखं दिसत होतं.

माझी आई काळी होती. सावळी नव्हे, निमगोरी नव्हे, काळी. आणि टिकलीचं सांगायचं तर आम्ही बौद्ध. धम्म घेतल्यावर आईनं कपाळ मोकळं ठेवलं ते शेवटपर्यंत. वडील जिवंत असताना, आजूबाजूच्या बाया नावं ठेवत असताना ठेवलं. कामावरची मुकादमीण तिला अपशकुनी म्हणाली तेव्हा आईनं तिच्यासमोर हातोडा आपटून सांगितलं होतं की कपाळ माझं आहे. त्या कपाळावर या माणसानं बसल्या जागी टिकली लावली.

मी विचारलं, "हे काय केलंत?"

"ताई, उजळ केलाय. जुना फोटो लय काळपट येत हुता."

"फोटो काळपट नव्हता. आई काळी होती."

तो हसला. हसला म्हणजे माझी समजूत घालायला हसला. "आवं, आमच्याकडं कुणीबी आलं तरी आमी उजळच करून देतो. कोण न्हाई म्हणत न्हाई. आन् सवाष्ण बाईचं कपाळ मोकळं बरं दिसंना म्हणून टिकली लावली. तिचं पैसं लावलं न्हाईत."

तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात एक जोडपं बाळाचे फोटो न्यायला आलं होतं, त्यांच्यासमोर मी त्याला वाट्टेल ते बोलले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घरच्यांनी सांगितलं तसंच केलंय." मी म्हटलं, घरची मी आहे. चूक अंगाशी आली की हे लोक घरच्यांचं नाव सांगतात, असं मला वाटलं. पुन्हा करून द्यायला लावला. पुढच्या खेपेला टिकली गेली होती आणि गोरेपणा एक पायरी खाली उतरला होता, बस. निगेटिव्हमध्ये उलटं दिसतं, काळं असतं ते पांढरं. मला वाटलं, या गड्यानं निगेटिव्हच मोठी करून माझ्या हातात दिलीय. मी माझी पट्टी परत घेतली आणि निघाले.

घरी येऊन सांगितलं, आता यंत्र आणायचं. फंडातून उचल काढते, कुणी मध्ये बोलायचं नाही. नवरा तरी बोललाच. लॅब बदल म्हणाला, कोल्हापूरला देऊ म्हणाला, पुण्याला देऊ म्हणाला. मी म्हटलं, कोल्हापूर काय नि पुणं काय, काळ्या बाईला बघितलं की सगळ्यांचा हात त्या एकाच बटणाकडे जाणार. माझी आई मी आता कुणाच्या हातात देणार नाही. मग त्यानं पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन केला.

यंत्र आलं. जेवणाच्या डब्याएवढं, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. पट्टी आत सरकवली, यंत्रानं बराच वेळ कुरकुर केली, मध्येच लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि पडद्यावर आई वरून खाली उमटायला लागली. आधी लिंबाचा पाला, मग पदर, मग कपाळ. आणि मी बघतच राहिले. चेहरा पुन्हा उजळ! लॅबवाल्याइतका नाही, पण आईचा रंग नव्हताच तो. राखेत बुडवून काढल्यासारखा फिकट. नवरा म्हणाला, "मस्त आलाय की."

मी ओरडले त्याच्यावर. बिचाऱ्याचा दोष नव्हता, पण ओरडले. आता या यंत्रालाही माझी आई चुकीची वाटायला लागली होती. नवऱ्यानं बरीच शोधाशोध करून सांगितलं की यंत्र आपल्या मनानं फोटो सुधारतं, अंधार दिसला की उजेड भरतं, आणि ती सोय बंद करता येते. म्हटलं कर बंद. सुधारणा म्हणे! ती बंद केली, पट्टी पुन्हा सरकवली, आणि मग आली.

काळीभोर, घामानं चकाकणारी, भुवईवर खडीची धूळ. दात लख्ख. गालावर लहानपणीच्या भाजल्याचा डाग होता, तो मी विसरलेच होते. लॅबवाल्यानं बुरशीबरोबर तोही पुसला होता. मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. त्यानंतर रोज ऑफिसातून आले की मी एकेक चरा, एकेक ठिपका पुसत बसायची. गालावरच्या डागाला हात लावला नाही. काम पुरं झालं तसं प्रिंट काढली, काचेत बसवली आणि भावाला न कळवता साताऱ्याला घेऊन गेले.

भावाच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठ्या सोनेरी फ्रेममध्ये ती गोरी बाई. टिकलीसकट. म्हणजे मी लॅबमध्ये टाकून आलेली पहिली प्रिंट त्यानं जाऊन आणली होती. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "हे इथं कुणी लावलं?"

"मीच," भाऊ म्हणाला. "आन् उजळ कर म्हणून त्याला मीच सांगितलंतं. टिकली त्यानं मनानं लावली. तू उगाच त्याला बोललीस."

मी काच कापडातून काढून टीपॉयवर ठेवली. त्यानं एक नजर टाकली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागला. त्याला ओळख पटली होती, म्हणूनच त्यानं नजर काढली.

"आक्का, ऐक. आइतवारी पाव्हणं येणारेत पोरीला बघाय. तुला ठावं हाय का, पाव्हणं आल्यावर आधी भिंतीकडं बघत्यात. पोरगी काय, पावडर लावून बसती. मग आजी कशी हुती, आत्या कशी हाय, त्यावरनं अंदाज काढत्यात, पुढं पोरं कशी हुतील म्हणून. दोनदा जमत आल्यालं मोडलंय आमचं. तुझं काय जातंय? तू सांगलीत बसून काळी आई लाव तुझ्या घरात."

"ती आपली आई आहे रे. तोंड दाखवायला लाज वाटावी असं काय केलं तिनं? खडी फोडून तुला शिकवलं."

"म्हणूनच!" तो एकदम ओरडला. "शाळेत मला काळ्या म्हणत हुती समदी. ऑफिसात अजून पाठीमागं म्हणत्यात. तुला न्हाई कळायचं, तू वडलांवर गेलीस. माझ्या पोरीला तरी त्यातनं काढू दे मला."

हे मात्र खरं होतं. मी वडिलांच्या रंगावर गेले. तरी माझा लॅबवाल्यावरचा राग काही कमी झाला नाही, फक्त त्याचे वाटेकरी वाढले. आम्ही दोघं तोंडाला तोंड देत राहिलो. वहिनी मध्ये पडायला बघत होती, तिलाही दोघांनी गप्प केलं.

भाची चहा घेऊन आलेली होती. डीएड होऊन नुकतीच शाळेत लागली होती. तिनं कप खाली ठेवले आणि काचेसमोर वाकली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग आपल्या हाताची पाठ तिनं काचेवर आईच्या गालाशेजारी टेकवली. रंग तोच होता, उन्नीस-बीसचाही फरक नव्हता.

"आजी अशी हुती?" तिनं वडिलांना विचारलं. "तुमी मला कवा सांगितलं न्हाई. मला वाटायचं घरात मी एकटीच अशी."

ती आत गेली, आणि आली ते एक फोटो आणि एक पाकीट घेऊन. फोटो तिचाच, स्थळांना पाठवायचा, त्याच लॅबमधला. तिनं तो भिंतीवरच्या फ्रेमखाली धरला. वरची बाई आणि खालची मुलगी, दोघींना एकाच डब्यातला रंग दिलेला. त्या दोघी एकमेकींच्या आजी-नात वाटत होत्या. आमच्या मात्र कुणीच नव्हत्या.

"आत्या, ह्या पाकिटात निगेटिव्ह हाय. तुमच्या मशीनवर काढा. हाय तशी काढा."

"आगं, मग तुला बघाय कोण येणार?" भावाचा आवाज पार खाली गेला होता.

"याआधी जी आली ती तरी मला बघाय कुठं आलंती, पप्पा?" ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर तिनं ते पाकीट माझ्या हातात दिलं.