चार चिंचोके आणि मुंबई

आज लालबागला प्रशांतच्या घरी आम्ही चौघे मित्र त्यानेच बनवलेला पटावरचा खेळ खेळलो. काळ संयुक्त महाराष्ट्राचा. नुसत्या वाटाघाटी आणि दगाबाजी!

जेवायची वेळ झाली तरी कोणी जिंकेना. मग प्रस्ताव आला, मुंबई वेगळी ठेवून बरोबरी करू. पण सगळे कबूल असतील तरच. गुप्त मतदान: डब्यात शेंगदाणा टाकला तर होकार, चिंचोका टाकला तर नकार.

तोंडाने सगळेच म्हणाले, "हो रे, चालेल!" डबा उघडला, तर चारही चिंचोके!

प्रशांत तर दिल्लीकडून खेळत होता, त्याचा फायदाच होता. मी विचारलं, "तू का रे?"

"आई आत कोलंबी करतेय. मुंबई सोडली तर वाढेल का?"

"अरे, पण मत गुप्त होतं ना!"

"आईपासून?"

होकाराचे शेंगदाणे आम्ही कोलंबी होईपर्यंत खाऊन टाकले. खरं सांगा, तुम्ही काय टाकलं असतं?